कावळा किती वेळा बसला?

काही गोष्टी अशा असतात, की त्या कोणी बोलून दाखवल्या की भोवतालची सारी मंडळी हसत हसत माना डोलावतात. "आपण थांब्यावर उभे राहिलो की समोरच्या बाजूच्या बसगाड्या एकामागून एक येतात, आपली तेवढी येत नाही." "दुधाजवळ उभे राहा, ते हलायचे नाही. पाठ फिरवा, की उतू गेलेच." "सायकल कोणत्याही दिशेला हाका, वारा आपला समोरूनच." "लोणी लावलेला पाव हातून निसटला तर लोण्याची बाजू नेमकी खाली." "सकाळी कावळा ओरडला की दुपारी पाहुणा." आणि कोणाचे नाव काढावे तोच तो माणूस दारात उभा राहिला, तर "शंभर वर्षे आयुष्य आहे तुला!" हे वाक्य ठरलेलेच.

ही विधाने कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ती कोणी सिद्ध केली नाहीत, तरी ती ऐकून "छे, काहीतरीच!" असे म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. याउलट आपला एखादा अनुभव त्यांत घालणारे दहा भेटतात. यांचे करायचे काय?

याला सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. घरातील वडील माणसे म्हणतात, "इतक्या लोकांचा अनुभव खोटा कसा असेल?" शाळेतील विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, "हे सारे मनाचे खेळ आहेत. योगायोग आहे. पुढचा धडा काढा." वाचकहो, ही दोन उत्तरे एकमेकांच्या अगदी विरुद्ध दिसतात. पण त्यांत एक मोठे साम्य आहे. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी काहीही मोजलेले नसते. माझे म्हणणे असे, की विज्ञानाच्या दृष्टीने दोघेही सारखेच चुकतात. यांपैकी काही समजुती चक्क खऱ्या आहेत आणि त्यांमागे सुंदर पदार्थविज्ञान किंवा गणित आहे. काही साफ खोट्या आहेत. आणि कोणती कोणत्या जातीची, हे नुसते तिच्या तोंडाकडे पाहून ओळखता येत नाही.

वारा समोरूनच का?

सायकलवाल्यांच्या तक्रारीपासून सुरुवात करू. वारा पडलेला आहे आणि तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहात. तुमच्या तोंडावर ताशी १५ किलोमीटरचा वारा लागणारच. तो तुम्हीच निर्माण केलेला आहे. आता पाठीमागून ताशी १० किलोमीटरचा वारा सुटला, तरी तुम्हाला ताशी ५ किलोमीटरचा वारा समोरूनच जाणवेल. वारा बाजूने, काटकोनात, ताशी १५ किलोमीटरने वाहू लागला तर? सरळ पडणारा पाऊस चालत्या गाडीतून तिरपा दिसतो, तसाच हा वाराही तिरपा होऊन ४५ अंशांतून समोरून येईल. सदिशांची बेरीज करून पाहिलीत तर असे दिसेल, की वाऱ्याचा वेग सायकलच्या वेगाहून कमी असेल, तर तो कोणत्याही दिशेने आला तरी थोडाफार तोंडावरच लागतो. तेव्हा सायकलवाल्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे!

याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. शाळा घरापासून ५ किलोमीटर आहे असे धरू. जाताना वारा पाठीशी असल्यामुळे वेग ताशी २० किलोमीटर झाला आणि येताना वाऱ्याला तोंड देताना तो १० वर आला. जायला १५ मिनिटे लागली, यायला ३०. अंतर दोन्ही वेळी तेच, वाराही तोच. पण सायकलवरच्या ४५ मिनिटांपैकी ३० मिनिटे, म्हणजे दोनतृतीयांश वेळ, तुम्ही वाऱ्याशी झगडत होता.

"आमच्या गावात चढच फार" ही कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या मुलांची तक्रारही याच घरातली. घरी परत येणाऱ्याच्या वाट्याला जेवढा चढ तेवढाच उतार येतो. पण ३ किलोमीटरचा चढ ताशी ६ किलोमीटर वेगाने चढायला अर्धा तास लागतो आणि तोच उतार ताशी १८ किलोमीटर वेगाने दहा मिनिटांत संपतो. चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटे चढातच जातात. मन मिनिटे मोजते, किलोमीटर मोजत नाही. मनाचे गणित चुकलेले नाही. त्याचे एकक वेगळे आहे, एवढेच.

बसची प्रतीक्षा

हेच सूत्र घेऊन बसच्या थांब्यावर जाऊ. एका मार्गावर तासाला सहा गाड्या सुटतात, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक. गाड्या अगदी समान अंतराने आल्या, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. पण गाड्या तशा राहत नाहीत. एखादी गाडी थोडी रेंगाळली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे जमतात. ती चढेपर्यंत गाडीला आणखी उशीर होतो. तिच्या मागच्या गाडीला मात्र थोडीच माणसे मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येऊन पहिलीला गाठते. गाड्यांच्या जोड्या जमण्याचे हे गणित न्यूएल आणि पॉट्स या दोघांनी १९६४ साली मांडले. तेव्हा "तासभर एकही नाही आणि आता दोन एकदम!" हा काही चालकांचा कट नव्हे. हा मार्गाचाच स्वभाव आहे.

समजा, दुसरी गाडी पहिलीच्या मागोमाग दोन मिनिटांनी येते आणि मग १८ मिनिटे काहीच येत नाही. तासाला गाड्या सहाच आहेत. पण थांब्यावर केव्हाही येणारा माणूस वीसपैकी अठरा वेळा मोठ्या खंडात सापडतो आणि तेथे सरासरी नऊ मिनिटे थांबतो. लहान खंडात तो वीसपैकी दोनदाच सापडतो आणि सरासरी एक मिनिट थांबतो. हिशेब केला तर एकूण सरासरी ८.२ मिनिटे येते, पाच नव्हे. वाहतूक खात्याचा अधिकारी "दर दहा मिनिटांना गाडी आहे" असे म्हणतो, तेही खरे. आणि "फार वेळ थांबावे लागते" हे प्रवाशाचे म्हणणेही खरे. एक गाड्या मोजतो, दुसरा प्रतीक्षा.

आणि समोरच्या बाजूच्या गाड्या? दोन्ही बाजूंना गाड्या सारख्याच आहेत आणि त्या अनियमितपणे येतात असे धरले, तर निम्म्या वेळा समोरची गाडी आधी येईल. एकचतुर्थांश वेळा आपल्या गाडीआधी समोरच्या किमान दोन, आणि एकअष्टमांश वेळा किमान तीन निघून जातील. आपल्या बाजूची गाडी मात्र आपल्याला एकाहून अधिक कधीच दिसायची नाही. कारण सोपे आहे. पहिली आली की आपण तीत बसून निघून जातो! मागून आणखी दोन आल्या हे पाहायला आपण तेथे नसतोच.

लोण्याची बाजू

लोणी लावलेल्या पावाचा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅथ्यूज यांनी गंभीरपणे हाती घेतला आणि १९९५ साली पदार्थविज्ञानाच्या एका युरोपीय नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. पाव टेबलाच्या कडेवरून घसरतो, तेव्हा त्याची एक बाजू आधार सोडते आणि गुरुत्वाकर्षणामुळे तो गिरकी घेऊ लागतो. टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर असते. तेवढे अंतर पडायला सुमारे ०.३९ सेकंद लागतो. एवढ्या वेळात पावाची साधारण अर्धी गिरकी होते, पूर्ण होत नाही. वरची बाजू खाली जाते आणि वर तर आपण लोणी लावलेले असते. लोण्याच्या वजनाचा यात फारसा संबंध नाही. दोष असलाच तर टेबलाच्या उंचीचा आहे.

या निबंधाबद्दल मॅथ्यूज यांना १९९६ साली इग नोबेल नावाचे थट्टेखोर पारितोषिक मिळाले. पण काम तेथेच थांबले नाही. ब्रिटनमधील हजाराहून अधिक शाळकरी मुलांनी पाव पाडून पाहण्याचा एक मोठा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ९,८२१ वेळा पाव पाडला गेला. त्यांपैकी ६,१०१ वेळा, म्हणजे शेकडा ६२ वेळा, लोणी खाली आले. निम्म्या-निम्म्याची अपेक्षा असताना इतक्या मोठ्या संख्येत एवढा फरक योगायोगाने पडत नाही. हेच पाव सुमारे अडीच मीटर उंचीवरून पाडले, तेव्हा लोणी खाली येण्याचे प्रमाण निम्म्याहून थोडे कमीच भरले. गिरकी पुरी व्हायला वेळ मिळाला!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. एखाद्याने पाव नाण्यासारखा हवेत उडवून पाहिला असता, तर निकाल जवळजवळ निम्मा-निम्मा आला असता आणि त्याने "समजूत खोटी ठरली" असे जाहीर केले असते. पण न्याहारीच्या वेळी कोणी पावाची नाणेफेक करीत नाही. प्रयोगात निसर्गाला विचारलेला प्रश्न लोकांच्या अनुभवाशी जुळणारा असावा लागतो. आता तुम्हाला एक काम. टेबलाऐवजी जमिनीवरच्या चौरंगाच्या कडेवरून पावाचा तुकडा घसरवला तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग पन्नास वेळा करून पाहा. (लोणी वाया घालवू नका, एका बाजूला पेन्सिलीने फुली मारली की पुरे.)

दूध आणि पहारेकरी

दुधाची गोष्ट आणखी निराळी आहे. पाणी उकळले तर बुडबुडे वर येऊन फुटतात. दुधात मात्र प्रथिने असतात. ती बुडबुड्यांभोवती चिवट पडदा धरतात, आणि वर सायीचे झाकण असतेच. त्यामुळे वाफेचे बुडबुडे न फुटता एकावर एक साचतात आणि फेसाचा लोट पातेल्याच्या काठावर चढतो. पातेले तापायला कित्येक मिनिटे लागतात, त्या वेळात पाहण्यासारखे काहीही घडत नाही. वर येणे मात्र काही सेकंदांत उरकते. म्हणून पाहणारा कंटाळतो आणि नेमका त्यानंतर लोट येतो.

पण "पाहत उभे राहिले तर उतू जात नाही" हे तरी खरे का? अगदी खरे! कारण पाहणारा माणूस दूध वर येऊ लागताच गॅस बंद करतो. नजरेत काही शक्ती नाही. शक्ती हातात आहे. येथे निरीक्षण बरोबर असून त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो हे निरीक्षण बरोबरच होते. तो पृथ्वीभोवती फिरतो हा अर्थ चुकीचा होता.

चार रकाने

आता कावळ्याकडे येऊ. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे तपासायचे कसे? बहुतेक लोक आठवून पाहतात: "मागच्या महिन्यात मामा आले, त्या दिवशी कावळा ओरडला होता की नाही?" होता! झाला पुरावा. पण हा एकच रकाना झाला. रकाने चार हवेत. कावळा ओरडला आणि पाहुणा आला, हा पहिला. कावळा ओरडला पण पाहुणा आला नाही, हा दुसरा. कावळा ओरडला नाही तरी पाहुणा आला, हा तिसरा. आणि कावळाही नाही, पाहुणाही नाही, हा चौथा. या चौथ्या रकान्यातले दिवस कोणाच्याच आठवणीत राहत नाहीत.

समजा, एका घरात तीस दिवस नोंद ठेवली. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) पंचवीस दिवस कावळा ओरडला, पाच दिवस ओरडला नाही. महिन्यात सहा दिवस पाहुणे आले आणि त्यांपैकी पाच दिवस कावळा ओरडला होता. सहापैकी पाच! घरातली मंडळी म्हणतील, आणखी कोणता पुरावा हवा? आता दुसऱ्या बाजूने पाहा. कावळा ओरडला अशा २५ दिवसांत पाहुणा ५ वेळा आला, म्हणजे पाचात एकदा. ओरडला नाही अशा ५ दिवसांत पाहुणा १ वेळा आला, म्हणजे तोही पाचात एकदाच. कावळ्याने पाहुण्याच्या येण्यात काडीचाही फरक केलेला नाही. कावळा रोजच ओरडतो, म्हणून तो पाहुण्याच्या दिवशीही ओरडला. अर्थात तीस दिवस हे फार थोडे आहेत. खरी नोंद ठेवायची तर सहा महिने तरी ठेवावी.

तुमच्या खऱ्या वहीत मात्र कदाचित थोडा संबंध दिसेलही. तेव्हा लगेच शकुन खरा मानू नका. पाहुणे येणार हे आधी कळलेले असेल, तर सकाळपासूनच कढई चढते, परसात खरकटे पडते, आणि कावळे कोठून ना कोठून जमतात. म्हणजे कावळा पाहुण्याची वर्दी देत नाही; पाहुण्याची वर्दीच कावळ्यापर्यंत पोहोचते. नाव काढताच हजर होणाऱ्या माणसाचेही असेच. रोज सहाच्या सुमारास चहाला येणाऱ्या शेजाऱ्याचे नाव आपण पावणेसहाला काढतो, सकाळी अकराला काढत नाही.

आपली भाषा याबाबतीत शहाणी आहे. शकुनाचा कावळा तिने जपला, तसाच योगायोगाचाही जपला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असे आपण म्हणतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. या म्हणीत मी एकच प्रश्न जोडू इच्छितो: फांदी न तुटता तो कावळा किती वेळा बसला होता?

दुष्काळात तेरावा महिना

संकटात संकट येते, हे सांगायला आपल्याकडे "दुष्काळात तेरावा महिना" अशी म्हण आहे. हिलाही रकाने लावून पाहू. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. हा फरक भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना धरतात; १९ वर्षांत तो ७ वेळा येतो. तो पावसाला विचारून येत नाही. म्हणजे कोणतेही वर्ष तेरा महिन्यांचे असण्याची शक्यता १९ मध्ये ७, शेकडा जवळजवळ ३७. पाच दुष्काळांपैकी सुमारे दोनांत तेरावा महिना असणार हे आधीच ठरलेले आहे. सुकाळातही तो त्याच प्रमाणात येतो. पण सुकाळातल्या तेराव्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे मिळतात, आणि अनारसे खाताना कोणी म्हणी रचत नाही!

थट्टेतून निघालेला नियम

"जे चुकण्यासारखे असेल ते चुकणारच" या थट्टेच्या वाक्याला पाश्चात्त्य जगात मर्फीचा नियम म्हणतात. एडवर्ड मर्फी हे अमेरिकेच्या हवाई दलातील अभियंता होते. १९४९ साली वेगवान घसरगाडीवर माणसाचे शरीर किती त्वरण सहन करते याचे प्रयोग चालू होते. त्या वेळी मापन उपकरणांची जोडणी उलटी झाली आणि त्यावरून हे वाक्य निघाले, असे सांगतात. लोक त्याला हसतात, पण अभियंत्यांनी त्यातून काम काढून घेतले. वस्तू चुकीच्या रीतीने बसू शकत असेल तर कोणीतरी कधीतरी ती तशी बसवणारच. म्हणून ती तशी बसूच शकणार नाही अशी घडवा. तुमच्या घरातील तीन पिनांचा प्लग पाहा. भूसंपर्काची पिन जाड असते, त्यामुळे ती दुसऱ्या भोकात शिरत नाही. ती लांबही असते, त्यामुळे विजेच्या आधी भूसंपर्क जोडला जातो आणि काढताना शेवटी तुटतो. मोबाइलच्या सिमकार्डाचा कापलेला कोपराही याच शहाणपणाचा. "नशीबच खोटे" म्हणून कपाळावर हात मारणारा आणि प्लगची पिन जाड करणारा, दोघांचा अनुभव एकच होता. फरक पडला तो पुढच्या पावलात.

रकाने न भरण्याची किंमत

येथवर सारे गमतीचे झाले. पण एकच रकाना पाहण्याची सवय नेहमीच गमतीपाशी थांबत नाही.

गावात कोणाला साप चावला, की आजही काही ठिकाणी आधी मांत्रिकाला बोलावतात. "त्याच्या मंत्राने इतके जण उठून बसले" असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. ती उठून बसलेली माणसे खरीच असतात. पण आपल्याकडील सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. धामण किंवा दिवड चावलेला माणूस मंत्रावाचूनही बरा झालाच असता. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. हे सारे मांत्रिकाच्या पहिल्या रकान्यात जमा होतात. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावून ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले, त्याच्यावर प्रतिविष हाच उपाय. आणि तो मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत मोजतो. तो दगावला तर "वेळच आली होती" असे म्हणतात आणि दुसऱ्या रकान्यात काही लिहिले जात नाही. हा रकाना कोरा राहतो, म्हणून मांत्रिकाची कीर्ती शाबूत राहते.

भविष्याचेही तसेच. ज्योतिर्विद डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ साली पुण्यात संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. हुशार मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा दोन्ही प्रकारच्या जन्मपत्रिका एकत्र मिसळून ज्योतिष्यांकडे पाठवण्यात आल्या. कोणती कोणाची एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. नाणे उडवून सांगणाऱ्याची सरासरी २० उत्तरे बरोबर यावीत. ज्योतिष्यांची सरासरी त्याहूनही थोडी कमी भरली, आणि सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची २४ बरोबर आली. या चाचणीचे मोठेपण मला तिच्या निष्कर्षापेक्षा तिच्या रीतीत वाटते. "थोतांड आहे" असे म्हणून ते थांबू शकले असते. त्यांनी तसे केले नाही, मोजले.

शिक्षकांना विनंती

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत लोलक हलवण्याआधीच मुले विचारतात, "सर, उत्तर किती यायला हवे?" यात मुलांचा दोष नाही. शाळेपासून त्यांनी केलेल्या प्रत्येक प्रयोगाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. ज्या प्रयोगाचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही, असा एकही प्रयोग न करता मुले दहावी पार करतात. मग विज्ञान म्हणजे मोठ्यांनी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींची यादी, असे त्यांना वाटले तर नवल काय?

म्हणून माझी सूचना अशी, की आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गाने वर्षातून एक तरी घरगुती समजूत घ्यावी आणि तिची वही ठेवावी. त्याला उपकरणे लागत नाहीत, खर्च नाही, रोजची दोन मिनिटे पुरतात. नियम चारच. काय मोजायचे ते आधी ठरवून लिहा. "कावळा ओरडला" म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि "पाहुणा" म्हणजे कोण, हेही लिहा. चारही रकाने भरा. किती दिवस मोजायचे ते आधी ठरवा, मनाजोगते उत्तर आले म्हणून मध्येच थांबू नका. आणि गैरसोयीचा दिवस आला म्हणून पान फाडू नका.

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? संख्याशास्त्राचा धडा अभ्यासक्रमात आहेच; काल्पनिक गुणांच्या सरासऱ्या काढण्याऐवजी मुलांनी स्वतःच्या वहीतले आकडे वापरावेत. दुसरे कोणी म्हणतील, अशाने अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळेल. सरळ "खोटे आहे" असे सांगून मोकळे व्हावे. मला हे पटत नाही. ज्या मुलाला आपण नुसते "खोटे आहे" असे सांगतो, त्याला एका वडीलधाऱ्याच्या शब्दाऐवजी दुसऱ्याचा शब्द मिळतो, एवढेच. उद्या तिसरा कोणी अधिक ठासून बोलला, तर ते मूल त्याचे ऐकेल. ज्याने स्वतः सहा महिने रकाने भरले, ते मूल मांत्रिकाला, जाहिरातीला आणि प्रसंगी आम्हा शिक्षकांनाही विचारील: दुसऱ्या रकान्यात किती आहेत?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही शिक्षकांची वाट पाहू नका. पाव, बस, कावळा, नाव काढलेला माणूस, यांपैकी काहीही एक निवडा. एका पानावर चार रकाने आखा आणि उद्या सकाळपासून सुरुवात करा. समजूत खोटी ठरली तर ठीकच. खरी ठरली तर तिचे कारण शोधण्याचे काम हाती येईल, आणि ते अधिक कठीण व अधिक आनंदाचे आहे. काहीही झाले तरी वही टाकून देऊ नका.